एकटीच्या गाण्याची चोरी

१

सोनियाचं गाणं चोरीला गेलं हे रायपुरात सगळ्यांना एकदमच कळलं, कारण ते सगळीकडे वाजत होतं.

राज्य नवीन झालं होतं तेव्हाची गोष्ट. जिल्ह्याच्या गावात झोपलेली माणसं सकाळी राजधानीत उठली होती आणि अजून डोळे चोळत होती. खड्डे तेच होते, पण आता ते राजधानीचे खड्डे होते. आमच्या बूढापाऱ्यात 'राजधानी टेलर्स', 'राजधानी पंक्चर' आणि 'राजधानी दंतमंजन डेपो' अशा पाट्या लागल्या होत्या. राजधानी म्हटली की तिला स्वतःचे कलावंतही लागतात. ते आमच्याकडे दोन होते, पण लोक त्यांना एकच मोजत. ऋता-सोनिया.

ऋता तलावाजवळच्या जुन्या मराठी घरातली. भोसल्यांच्या काळात तिचे पूर्वज इथे आले आणि परत जायचं विसरले. सोनिया रेल्वे कॉलनीतली, बाप वर्ध्याकडचा. गणेशोत्सवात दोघींनी एका माइकवर गायला सुरुवात केली, कारण मंडळाकडे माइक एकच होता. पुढे त्यांची कॅसेट आली आणि तिच्याशिवाय रायपुरातून वरात निघेना. सगळी गाणी धावती. नवरदेवाची घोडीसुद्धा त्यांवर ठेका धरायची.

आणि त्या सोमवारी हे नवीन गाणं आलं. संथ. मागे फक्त पेटी. आणि सोनिया एकटी.

*तू इसी घाट पे रहना,*
*मुझको लौटने का पता चाहिए।*

दुपारपर्यंत ते ऑटोंमध्ये होतं, संध्याकाळी पानठेल्यांवर, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात. समीक्षकाने लिहिलं, 'प्रत्येक अंतऱ्याआधीची ती नाजूक किणकिण म्हणजे पाश्चात्त्य ट्रायंगल या वाद्याचा छत्तीसगढमधील पहिला प्रयोग होय.' त्याखाली बातमी होती की या गाण्याची मूळ टेप स्टुडिओच्या कपाटातून नाहीशी झाली असून संशयाची सुई खुद्द गायिकेकडे वळते आहे.

बुधवारी ऋता आमच्याकडे आली. म्हणजे माझ्या आत्याकडे आली. मी त्या घरात राहतो, कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो आणि आत्याची स्कूटर चालवतो. यातलं तिसरं काम लोकांना जास्त उपयोगी वाटतं. कुसुम आत्या रेल्वेच्या क्लेम्स ऑफिसातून निवृत्त झाली. हरवलेली पार्सलं शोधायची, हे तिचं आयुष्यभराचं काम. चोर तिने एकही पकडला नाही. पार्सल मात्र सापडायचं, आणि ते सापडलं की चोर आपोआप ओशाळा होऊन समोर उभा राहतो, असा तिचा अनुभव.

"आत्या, त्या पोरीचं तोंड बघायचं नाहीये मला," ऋता बसायच्या आधीच म्हणाली. "पण ती चोर नाही."

"तोंड बघायचं नाही आणि वकिली करायची?"

"तोंड वेगळं, चोरी वेगळी."

महिन्यापूर्वीच लग्न झालेलं. मनगटापासून वर हिरवा चुडा. ऋताला हात चालवल्याशिवाय बोलता येत नाही, त्यामुळे तिचं प्रत्येक वाक्य साथीसकट येत होतं.

"भांडण कशावरून झालं?" आत्याने विचारलं.

"कशावरून म्हणजे? मला न सांगता एकटीने गाणं रेकॉर्ड केलं. इतक्या वर्षांची जोडी! मी चौकात सांगितलं तिला, जा म्हटलं, जिथे जायचंय तिथे जा. सगळ्यांनी ऐकलं."

"तू का नव्हतीस रेकॉर्डिंगला?"

"स्टुडिओत मला शिरताच येत नाही ना! हातात बांगड्या असल्या की अनिमेषदादा कुणाला आत सोडत नाही, आणि चुडा संक्रांतीपर्यंत उतरवायचा नाही, असं सासूबाईंचं म्हणणं. माझ्या नवऱ्याने, वरदने, समजावून पाहिलं त्यांना. त्या म्हणाल्या, गाणं थांबेल, चुडा नाही." तिने पदराने नाक पुसलं. "आमच्या कॅसेटी काढणारा शालिग्राम सेठ शनिवारी पोलीस ठाण्यात जाणार आहे, आत्या. सोनियाच्या नावाने. एकदा चोर म्हणून नाव लागलं की कोण उभं करेल तिला माइकसमोर? इथेही नाही, मुंबईलाही नाही."

"मुंबईचं काय?"

ऋताचे हात पहिल्यांदाच थांबले.

"काही नाही," ती म्हणाली. "असंच आलं तोंडात."

२

अनिमेषचा स्टुडिओ आमच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून, एका ड्रायक्लीनरच्या वर आहे. दाराशी स्टुलावर एक स्टीलचं ताट ठेवलेलं. त्यात बांगड्या, पैंजण, घड्याळ, किल्ल्या आणि खिशातली चिल्लर काढून ठेवल्याशिवाय आत प्रवेश नाही. राज्याच्या एका मंत्र्याच्या पत्नी भजनं रेकॉर्ड करायला आल्या, तेव्हा त्यांचे पाटल्या-तोडे या ताटात मावले नाहीत म्हणून खालून परात आणावी लागली. पण नियम मोडला नाही.

अनिमेष चाळिशीचा, मराठी बापाचा, बोलण्याचा ढंग मात्र रायपुरी. त्याने आम्हाला कपाट दाखवलं.

"इथे होती मास्टर टेप. शुक्रवारी मी स्वतः ठेवली. सोमवारी कुणीतरी सांगितलं बाजारात गाणं वाजतंय, तेव्हा धावत येऊन बघतो तर गायब."

"कपाटाला कुलूप?"

"होतं ना. चावी गुप्त जागी असते."

"गणपतीच्या फोटोमागे," आत्या म्हणाली.

"तुम्हाला कसं कळलं?"

"अनिमेष, मी आत्ता आले आणि मला कळलं. तुझ्याकडे पाच वर्षं येणाऱ्यांचं काय विचारतोस."

तो खिन्न झाला. मग त्याने रेकॉर्डिंगची हकीकत सांगितली. दुसऱ्या अल्बमसाठी शालिग्राम सेठने स्टुडिओ घेऊन ठेवला होता. ऋता येऊ शकत नव्हती. रिकामा वेळ जाऊ नये म्हणून सोनिया म्हणाली, माझं एक गाणं आहे, तेवढं करून ठेवू. फक्त पेटी आणि आवाज. बाकीची वाद्यं नंतर चढवायची होती.

"गायली कशी?"

"आवाज म्हणजे काय सांगू, दीदी! पण अंतरा आला की चुकायची. मी काचेच्या अलीकडून हाताने इशारा करायचो, लाल दिवा लावायचो, तरी उशिरा उचलायची. किती टेक झाले, त्याचा हिशेब मी सोडून दिला. शेवटी जसा आला तसा ठेवला."

"आता बाजारात वाजतंय त्यात अंतरे कसे आहेत?"

अनिमेषने कुर्त्याच्या खिशातून कापसाचे दोन बोळे काढून दाखवले. "चोरीचा माल मी ऐकत नाही. पायरसीने आमचा धंदा खाल्लाय, दीदी. घराबाहेर पडलो की हे कानात. कालपासून दोन सायकली अंगावर आल्या, पण गाणं ऐकलं नाही."

मला त्याच्याबद्दल आदर वाटला. तत्त्वासाठी सायकलखाली यायला तयार असलेली माणसं राजधानीत कमी होत चालली होती.

"शनिवारी-रविवारी इथे कोण आलं होतं?" आत्याने जाता जाता विचारलं.

"रविवारी बंद. शनिवारी कोणी नाही." तो दारापर्यंत आला आणि अडखळला. "म्हणजे... सोनिया आली होती. पाच मिनिटं. ओढणी विसरली म्हणाली. मी खाली चहा सांगायला गेलो होतो."

"मग सापडली ओढणी?"

"तेच तर," अनिमेष हळूच म्हणाला. "ओढणी तिच्या गळ्यातच होती."

३

शालिग्राम सेठ कॅसेटचा कारखानदार. म्हणजे मागच्या खोलीत कॅसेटी भरायची चार यंत्रं आणि पुढच्या खोलीत गादी. सेठ गादीवर लोडाला टेकून दुःख करत होते. पेढ्यांचा डबा उघडा होता, पण पेढा दुःखातच खायचा असा त्यांचा चेहरा होता.

"बर्बाद हो गया, बहनजी! टेप मेरी, गाना मेरा, और बजा रहा है सारा शहर मुफ्त में!"

"गाणं तुम्ही ऐकलं होतं का, चोरीच्या आधी?"

"पहली लाइन. अनिमेष ने फोन पे सुनाई थी. मैंने कहा, रख दो, ये नहीं चलेगा. स्लो है. अकेली है. पब्लिक को जोड़ी चाहिए."

"आणि आता?"

"अब तो चल गया ना!" सेठ हळहळले. ज्या गाण्याला त्यांनी नको म्हटलं होतं तेच त्यांच्याकडून चोरीला गेलं, याचं दुःख फार खोल असतं.

"आता तरी पूर्ण ऐकलंत?"

"पूरा सुनने का टाइम किसके पास है? मैं मुखड़ा सुनता हूँ. मुखड़े में जान है तो माल बिकेगा. अंतरा तो गाने वाले अपने लिए रखते हैं." त्यांनी आणखी एक पेढा दुःखाने उचलला. "देखिए, फायदा किसका हुआ? मेरा नहीं. अनिमेष का नहीं. ऋता का तो नुकसान ही नुकसान, जोड़ी टूटी, वो घर बैठी. फायदा एक का है. जोड़ी छोड़नी थी, तो टेप उठाई और शहर में बाँट दी. स्टार बन गई. शनिवार तक टेप वापस, नहीं तो थाना."

मला हे पटलं. राज्यशास्त्राचा माणूस असल्यामुळे फायदा कुणाचा हा प्रश्न मला नेहमीच पटतो. स्कूटरवर मी आत्याला तसं सांगितलं.

"निरू," ती मागून म्हणाली, "एकदा गोंदियाहून संत्र्याची टोपली हरवली होती. बिलासपूरच्या पार्सल ऑफिसात संत्र्याची एक टोपली बेवारस सापडली. साहेबाने लगेच अहवाल दिला, माल मिळाला."

"मग?"

"ज्याची हरवली होती तो आला आणि म्हणाला, ही माझी नव्हे. साहेब म्हणाला, अरे संत्रीच आहेत ना!"

मी गतिरोधकावरून स्कूटर जरा जोरात नेली. "याचा इथे काय संबंध?"

"गाडी रेल्वे कॉलनीकडे घे," आत्या म्हणाली. "आणि वाटेत त्या पानठेल्यापाशी थांब. मला गाणं शेवटपर्यंत ऐकायचंय. या शहरात ते कुणी ऐकलेलं दिसत नाही."

आम्ही ठेल्यापाशी दोन पानं संपेपर्यंत थांबलो. आत्या डोळे मिटून उभी होती. गाणं संपलं तेव्हा तिने डोळे उघडले, स्वतःचं मनगट दुसऱ्या हाताने धरून हलकेच दाबलं आणि म्हणाली, "अगं बाई."

आणि स्कूटरवर जाऊन बसली.

४

सोनियाचे वडील मारोतराव दारातच उभे होते. गँगमनपासून चढत चढत ते पर्मनंट वे इन्स्पेक्टर, म्हणजे रुळांची देखरेख करणारे साहेब, झाले होते आणि अजूनही रुळावर ओरडायच्या पट्टीत बोलत.

"या ताई, या! मले तर काही समजूनच नाही राहिलं. पोट्टीनं सोमवारपासून अन्नाले हात नाही लावला. गाणं गावात गाजून राहिलं आन् ही घरात रडून राहिली. असं कुठी असते का?"

"तुम्हाला पसंत नव्हतं का तिचं एकटीने गाणं?"

"पसंत नव्हतं? ताई, म्याच म्हणतो हिले, जाय मुंबईले! दोनदा फोन आला तिथून. मोठी कंपनी. म्हणे हिच्या एकटीच्या आवाजाची टेप पाठवा. हिनं काय सांगावं? 'राँग नंबर!' मुंबईले राँग नंबर सांगते का कोणी? ते टेप माह्या हाती असती ना, तर म्या जयस्तंभ चौकात भोंगा लावला असता."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी मनातल्या मनात एक संशयित वाढवला.

"लावला तर नाहीत ना, मारोतराव?"

"मले टेपरेकॉर्डरचं बटन समजत नाही, ताई. घरी तिची माय लावते."

सोनिया आतल्या खोलीत पलंगावर बसली होती. शेजारी पेटी, वरून चादर गुंडाळून सुतळीने बांधलेली. डोळे सुजलेले. दोन्ही मनगटं मोकळी. एकात साधा दोराही नव्हता.

"टेप तू घेतलीस का गं?" आत्याने सरळ विचारलं.

गप्प.

"गाणं तू वाटलंस का?"

गप्प. पण हे गप्प बसणं वेगळं होतं. पहिल्या प्रश्नाला तिने मान खाली घातली होती. दुसऱ्याला तिने मान वर केली आणि ओठ घट्ट मिटले.

"किसी ने भी किया होगा," ती शेवटी म्हणाली. "माझं नाव घ्या. मले काही फरक नाही पडत."

"आणि ऋताचं?"

"ऋताचं नाव कशाला?" ती एकदम उसळली. "तिचं नवीन सासर आहे, आत्या! तिचा काही संबंध नाही. कहीं नाम मत लेना उसका!"

"बरं, नाही घेत. जरा सूर धर बघू. आवाज ऐकू दे."

"पेटीचा भाता फाटलाय."

"भाता?" मारोतराव दारातून गरजले. "रविवारी म्याच पुसून ठेवली! चांगली वाजत होती! काहून खोटं बोलतं गं? आन् ताई, ही अशीच. लहानपणापासून हिले अंतरा कधी उचलाचा ते समजत नाही. ऋता हिचं मनगट धरून बसे. दाबलं की ही गाय. नाही दाबलं तर ही आपली तोंडाकडं पाहत राहे. शाळेची बस बी अशीच सुटे. ऋतानं ढकलल्याबिगर चढेच नाही."

सोनियाने उशीत तोंड घातलं.

बाहेर आल्यावर आत्या स्कूटरवर बसली, पदर खोचला आणि म्हणाली, "टेप त्या पेटीत आहे."

"म्हणजे चोर सोनियाच!" मी म्हणालो. "सेठचं बरोबर होतं."

"टेप तिने घेतली," आत्या म्हणाली. "गाणं तिने वाटलं नाही. आणि कुणी वाटलं हे तिला माहीत आहे. चल, उद्या सगळ्यांना अनिमेषकडे बोलाव. सोनियाला सांग, पेटी घेऊन ये. आणि ऋताला सांग, चुड्यासकट ये."

५

दुसऱ्या दिवशी स्टुडिओच्या बाहेरच्या खोलीत आम्ही सगळे जमलो. सेठ पेढ्यांशिवाय आले होते, त्यामुळे खरोखर दुःखी दिसत होते. सोनिया आणि मारोतराव एका बाकावर, ऋता दुसऱ्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून. एकमेकींकडे न बघायचा दोघी इतका कसून प्रयत्न करत होत्या की दुसरं काही बघायला त्यांना फुरसत नव्हती.

आत्याने पानठेल्यावरून आणलेली कॅसेट पुढे केली.

"अनिमेष, कापूस काढ."

"दीदी, माझं तत्त्व..."

"तत्त्व ताटात ठेव. बाहेर जाताना परत घे."

त्याने बोळे काढले. कॅसेट लागली. पेटीचे पहिले सूर आले आणि अनिमेषचा चेहरा कुणीतरी शिवी दिल्यासारखा झाला.

"हे माझं नाही!"

"क्या मतलब?" सेठ उठले. "गाना तो वही है!"

"गाणं तेच आहे, रेकॉर्डिंग माझं नाही! खोलीचा घुमारा ऐका! मागे कबूतर बोलतंय! माझ्या स्टुडिओत कबूतर?" त्याने आवाज वाढवला. "आणि हे, हे काय वाजलं आत्ता?"

"ट्रायंगल," मी म्हणालो. वर्तमानपत्रात होतं.

"बांगड्या," आत्या म्हणाली. "काचेच्या. हातभर. प्रत्येक अंतऱ्याच्या आधी एकदा. आणि बघ, अंतरा कसा नेमका उचललाय. तुझ्या काचेमागे, लाल दिव्याने जे जमलं नाही ते इथे प्रत्येक वेळी जमलंय. म्हणजे गाताना हिचं मनगट कुणीतरी धरलं होतं. मनगट धरणारं माणूस जगात एकच आहे. आणि त्या माणसाच्या हातात चुडा चढून महिना झाला, तेव्हापासून ते इथे आत आलेलंच नाही."

कॅसेटमध्ये सोनिया गात होती.

"सेठजी, तुमचं एक पार्सल हरवलं आणि बाजारात एक पार्सल सापडलं. दोन्हींत संत्री. तुम्ही सगळे धरून चाललात की एकच टोपली आहे. जो ओळखू शकला असता त्याच्या कानात कापूस होता. तुम्ही पहिल्या ओळीपुढे ऐकत नाही. मारोतरावांना टेपरेकॉर्डरचं बटण समजत नाही. उरल्या या दोघी. त्या पहिल्या ओळीलाच ओळखून बसल्या आणि दोघीही तोंड शिवून." आत्याने वळून पाहिलं. "सोनिया, पेटी सोड."

सोनियाने सुतळी सोडली. भात्यामागच्या जागेत टेप होती. तिने ती काढून अनिमेषच्या मांडीवर ठेवली.

"मुंबईवाले स्टुडिओत फोन करणार होते," ती म्हणाली. "टेप असती तर अनिमेषभैयाने पाठवली असती. पाठवली असती तर त्यांनी बोलावलं असतं. बोलावलं असतं तर जावं लागलं असतं. म्हणून नेली. मले नव्हतं जायचं, ऋताले सोडून. मग सोमवारी ऑटोत ऐकलं तर हिच्या घरचं! तेलीबांध्याला हिच्या नवीन घरी बसून म्या हिले पहिल्यांदा गाऊन दाखवलं होतं, स्टुडिओच्या आधी. टेप चालू होती हे बी सांगितलं नाही हिनं."

"म्हणजे ऋताला गाणं माहीत होतं!" मी म्हणालो. "मग ते न सांगता रेकॉर्ड केल्याचं भांडण?"

"निरू," आत्या म्हणाली, "चौकात, सगळ्यांना ऐकू जाईल असं भांडण कुणी खरं करतं का?"

सोनिया पहिल्यांदाच ऋताकडे वळली. "मेरे को लगा तू सच में चिढ़ गई. मले बदनाम कराले केलं. पण सांगितलं असतं तर तुझ्या सासरी काय झालं असतं? म्हणून गप्प बसले."

"बदनाम?" ऋता भिंतीकडेच बघत म्हणाली. "अगं मूर्ख, फोनवर राँग नंबर कोण सांगतं? तुझ्या बाबांनी मला सांगितलं तेव्हाच कळलं, तू मरेपर्यंत इथेच बसशील माझ्या मनगटाची वाट बघत. आणि मी? माझं लग्न झालं, वरदची नोकरी इथेच सिलतऱ्याच्या कारखान्यात, मी कुठे येणार मुंबईला? म्हटलं भांडू. भांडले. गेली नाहीस. म्हटलं मग गाणंच पाठवते, गाव ऐकेल, मुंबई ऐकेल, मग कसं राँग नंबर सांगशील! एक कॅसेट ऑटोवाल्याला दिली, बस. टेप चोरीला गेली हे मला काय माहीत! तुझ्यावर आळ येईल असं वाटलं असतं तर..."

हात चालूच होते. बांगड्या वाजत राहिल्या.

"तू मेरे को भगाना चाहती थी?"

"हव," ऋताने मान डोलावली आणि मग दोघी एकाच बाकावर आल्या. त्या कधी उठल्या ते मला दिसलं नाही. अनिमेषने कापूस डोळ्यांना लावला. मारोतराव खिडकीतून बाहेरच्या मोकळ्या रस्त्याला म्हणाले, "काय धूळ आहे या गावात!"

आत्या सेठकडे वळली. "तुमची टेप मिळाली. बाजारातली टेप तुमची नव्हतीच. क्लेम निकाली. ठाण्यात काय सांगणार आता?"

सेठ मान तिरकी करून ऐकत होते. आयुष्यात पहिल्यांदाच ते अंतऱ्यापर्यंत आले होते.

"थाना छोड़िए," ते म्हणाले. "अनिमेष, मास्टर वाली लगाओ."

मूळ टेप लावली. सफाईदार, स्वच्छ, कबुतराविना. अंतरा उशिरा आला. सेठने हात वर केला.

"बंद करो. इसमें वो छन् नहीं है. पब्लिक को छन् चाहिए. फिर से रिकॉर्ड होगा, चूड़ी के साथ."

अनिमेष उठून उभा राहिला. तो ताटाकडे बघत होता, आणि इतक्या वर्षांचं त्याचं तत्त्व त्याच्याकडे बघत होतं.

"माझ्या स्टुडिओत," तो म्हणाला, "बांगड्या?"

मग त्याने सोनियाकडे पाहिलं. स्टूल उचललं, ताटासकट, आणि खाली ड्रायक्लीनरकडे नेऊन ठेवलं.

६

नवीन रेकॉर्डिंगमध्ये ऋता एक शब्द गायली नाही. सोनियाच्या शेजारी बसून तिने फक्त मनगट धरलं होतं. कॅसेटच्या वेष्टनावर गायिका म्हणून सोनियाचं एकटीचं नाव आहे आणि खाली बारीक अक्षरात 'चूड़ी : ऋता'. आमच्या राज्यात या वाद्याच्या वादक म्हणून नोंद झालेल्या त्या एकमेव असाव्यात. समीक्षकाने लिहिलं की ट्रायंगल या खेपेस अधिक परिपक्व वाटला.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी सोनिया मुंबईला निघाली. स्टेशनवर अर्धा बूढापारा होता. मारोतराव गार्डला, ड्रायव्हरला आणि रुळांना सूचना देत होते. ऋताच्या सासूबाईंनी लाडवांचा डबा दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बघा, चुडा उतरवला असता तर गाणं झालं असतं का?" त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. आत्यानेसुद्धा.

गाडीने शिट्टी दिली. सोनिया डब्याच्या दाराशी उभी होती, पण खाली, फलाटावर. सामान आत, बर्थ खिडकीची, बाप आत जाऊन पाण्याची बाटली ठेवून आलेला.

"चढ ना बाई!" मारोतराव ओरडले. "सिग्नल झाला!"

सोनिया हलली नाही. ऋताच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"सुटली! काहून उभी हाय ही?"

गाडी हलली. आत्याने मारोतरावांच्या दंडाला हात लावून त्यांना थांबवलं.

ऋताने सोनियाचं मनगट धरलं. क्षणभर तसंच धरून ठेवलं, गाण्यात धरायची त्याहून जरा जास्तच. मग दाबलं.

बांगड्या वाजल्या.

सोनिया चढली.